पाटी वर येईपर्यंत

आमच्याकडे कुणी पेटी उघडली की मी काहीतरी निमित्त काढून आत जाते. कधी दूध उतू जात असतं, कधी डाळ लागत असते. नातवंडांना वाटतं, आजीला गाण्याचं वावडं आहे. वावडं कसलं? सोळाव्या वर्षी मी गाण्यातली एवढी मोठी जाणकार होते की एका गाण्याची दुरुस्ती मी स्वतःच्या हाताने केली. ते दुरुस्त केलेलं गाणं लोक अजून गातात. तेच मला ऐकवत नाही.

त्या सोळा वर्षांच्या बाईंची आधी ओळख करून देते. मुक्काम नगर, मुलींच्या शाळेचं बोर्डिंग. दोन वेण्या, त्यांना लाल रिबिनी, आणि चालताना त्या रिबिनी नीट उडतात की नाही यावर सारखं लक्ष. पेटीच्या परीक्षेत पहिला नंबर. आता वर्गात आम्ही पाचच जणी होतो, त्यातली एक तापाने घरी गेली होती आणि दुसरीला ऐन परीक्षेत भाता कुठल्या हाताने हलवायचा तेच आठवेना, ही गोष्ट बाई कुणाला सांगत नसत. सुट्टीत घरी गेलं की वडिलांची भाषा सुधारायची. 'न्हाई' नका म्हणू, 'नाही' म्हणा. वडील गंभीर चेहऱ्याने म्हणायचे, "बरं. पुन्यांदा न्हाई म्हननार न्हाई."

लढाईची वर्षं होती. रॉकेल मिळत नव्हतं, साखर मिळत नव्हती, पण गाण्यांना काही टंचाई नव्हती. नगरच्या ख्रिस्ती मंडळीने, म्हणजे चर्चने, ठरवलं की खेड्यापाड्यांतल्या ख्रिस्ती लोकांनी रचलेली भजनं गोळा करायची, चालींसकट लिहून काढायची आणि पुस्तक छापायचं. त्यात माझ्या आजोबांचं एक गाणं होतं. पण ते नगरात एका चालीवर म्हणत, तिसगावच्या बाजूला दुसऱ्या, आणि आणखी कुठे तिसऱ्याच. आमचे गाण्याचे सर म्हातारे आणि शिस्तीचे होते. ते म्हणाले, तीन-तीन चाली छापता येणार नाहीत, मूळ चाल हवी, आणि ती ज्याचं गाणं त्याच्याच घरून आणायला हवी. आजोबा तर कधीच वारले होते, वडिलांनी लहानपणीच गाव सोडलेलं. गावात राहिली होती माझी आत्या. म्हणून मग सरांनी मला पाठवलं. मी नवी वही घेतली, पेन्सिलीला ब्लेडने टोक काढलं आणि जगात मूळ चाल आणायला जणू मीच एकटी निघाले आहे अशा थाटात मोटारीत बसले.

मोटार कोळशावर चालणारी. चढ आला की उतारूंनी उतरून ढकलायची. तिसगावला उतरले तेव्हा रिबिनींचा रंग कुठला होता हे कळत नव्हतं. तिथून दोन कोस चालत.

गाणं कसं झालं ते सांगायला हवं. गावच्या विहिरीवर आमच्या माणसांना दोर टाकायची मुभा नव्हती. वरच्या आळीतल्या कुणी दया करून घागरीत पाणी ओतलं तर ओतलं. म्हणून आजोबांनी आणि आणखी सात-आठ घरांनी मिळून आपली विहीर खणायला घेतली. खाली खडक लागला. दोन उन्हाळे खणत होते. पुरुष खाली पहारीने खडक फोडायचे आणि बाया वर दोराने फुटक्या दगडांची पाटी ओढायच्या. आत्या तेव्हा आठ-नऊ वर्षांची, वर आलेली पाटी रिकामी करायला काठावर उभी. त्या कामात ते गाणं झालं. त्यातल्या या दोनच ओळी इथे पुरेत:

खडकामागं पानी, देवा, तुलाच ठावं
आमी नुसतं घालावं घावामागं घाव

पुढे पाणी लागलं आणि गाणं आमच्या ख्रिस्ती देवळात आलं. दर वर्षी पहिल्या पिकाच्या उपासनेला ते म्हणायचंच, आणि पुढे उभं राहून ते आत्याने सांगायचं. ती एक ओळ म्हणायची, मग सगळी मंडळी तिच्यामागे. आत्याला लिहिता-वाचता येत नव्हतं, मूलबाळ नव्हतं, नवरा गेलेला. वर्षातून एक दिवस ती सगळ्यांच्या पुढे उभी राहायची, तो हा.

मी गेले तेव्हा ते उभं राहणंच धोक्यात आलं होतं. गावातल्या मिशनच्या शाळेवर नवे गुरुजी आले होते. ते पेटी छान वाजवत. त्यांची तक्रार एवढीच की आत्याबाई दुसऱ्या ओळीत मध्येच थांबतात. 'घावामागं' म्हटलं की गप्प. मग कधी लगेच, कधी बऱ्याच वेळाने 'घाव'. पेटी तोवर लोंबकळत राहते, ढोलकीवाल्याचा हात हवेत राहतो, मुलं हसतात. गुरुजी वाईट मनाचे नव्हते. ते म्हणाले होते की पुस्तक छापून येतंय, त्यात जसं येईल तसं आपण सगळे म्हणू, थांबायचं असेल तर मीही थांबेन. आणि आत्याने देवळात सगळ्यांसमोर सांगून टाकलं होतं, "कबूल. माझी भाची लिवनार हाय. ती लिवंल तसं."

मी तीन दिवस राहिले. पहिल्या दिवशी आत्या दळताना गायली. मी जात्याशेजारी वही घेऊन बसले आणि सा रे ग लिहू लागले. ती 'घावामागं' म्हणून थांबली, मान जरा तिरकी केली, विहिरीतलं काही ऐकू येतंय अशी, आणि मग म्हणाली, 'घाव'. मला वाटलं, विसरली. दुसऱ्या दिवशी शेतात गायली तर चाल तीच, पण थांबणं भलतंच लांबलेलं. तिसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तोकडं. माझी वही खोडून खोडून फाटायला आली. मी वैतागून म्हणाले, अगं आत्या, एक काहीतरी धड सांग, आजोबा कसं म्हणायचे ते सांग. तेव्हा तिने जात्याचा खुंटा सोडला आणि हातवारे करून सांगितलं.

"बा खाली हुता. 'घावामागं' म्हनलं की पहार उचलायची. पहार उचलताना कोन गाईल? दम तिकडंच जायाचा. खाली आपटली की मंग 'घाव'. अन् वर माझी आय. तीबी तितंच थांबायची, पर तिच्या हातात दोर. पाटी काठाला लागंस्तवर बायांच्या तोंडातनं शबूद न्हाई. बायांचा आवाज थांबला की खालच्या बाप्यांचा ऐकाया यायचा."

मी पेन्सिल सरसावून विचारलं, मग मूळ कुठलं? आजोबांचं गाणं म्हणजे आजोबांचंच खरं ना?

"बानं एकल्यानं कुटं केलं?" ती म्हणाली. "गानं खालीबी हुतं अन् वरबी. मी मधी, काठाव. तू मूळ इचारतीस, बये, मी कंच्या बाजूला हुबी ऱ्हाऊ?"

हे उत्तर मला तेव्हा अडाणी वाटलं. परीक्षेत पहिली आलेली मुलगी मी, मला 'दोन्ही' असं उत्तर कुणी शिकवलं नव्हतं. मला सर म्हणाले होते, मूळ आण. मूळ म्हणजे एक.

आणि आणखी एक अडचण होती, ती मी पुढे किती वर्षं स्वतःला सबब म्हणून ऐकवली. आम्हाला शिकवलेल्या लिपीत सूर लांबवायची खूण होती. सूर थांबवायची, गप्प राहायची खूण काही मला माहीत नव्हती. सरांना एक पोस्टकार्ड टाकून विचारता आलं असतं. परत गेल्यावर तोंडाने विचारता आलं असतं. पण विचारलं म्हणजे आपल्याला येत नाही हे कळणार.

निघताना आत्याने माझ्या पिशवीत शेंगा भरल्या आणि वेशीपर्यंत आली. तिचं मागणं एवढंच होतं, "त्येवढी थांबायची जागा लिव. बाकी सा रे ग तुला काय बरं दिसंल ते घाल." मी होय म्हणाले. मान डोलावून, रिबिनी उडवून.

तिसगावच्या मोटारथांब्यावर मोटार यायला दोन तास लागले. समोरच्या हॉटेलात ग्रामोफोन होता आणि हॉटेलवाला एकच तबकडी परत परत लावत होता. त्यात एका ओळीच्या शेवटी गाणारी बाई अशी काही हरकत घेत होती की माझ्या अंगावर काटा आला. पाच-सहा सुरांची गिरकी, वर जाऊन पटकन खाली. मोटार येईपर्यंत ती मला पाठ झाली होती.

बोर्डिंगात आल्यावर मी मैत्रिणींना गाणं वाजवून दाखवलं. 'घावामागं' वर थांबले. एकीने विचारलं, काय गं, पेटी बिघडली का? सगळ्या खिदळल्या. मीही खिदळले, हे सांगायला हवं. मग मी पुन्हा वाजवलं आणि त्या मोकळ्या जागेत ती हॉटेलातली गिरकी बसवून दिली. अशी चपखल बसली की काय सांगू. मैत्रिणी म्हणाल्या, वा. त्या एका 'वा'साठी मी आत्याला विकलं. विकलं म्हणजे तरी काही किंमत आली असं वाटतं. फुकटच दिलं.

वहीत सुवाच्य अक्षरात चाल उतरवली आणि वर लिहिलं: मूळ चाल, रचणाराच्या कन्येच्या तोंडून ऐकून घेतलेली. सरांनी चष्मा वर करून ती वाचली, बोटाने टेबलावर ताल धरला, गिरकीपाशी थांबले. म्हणाले, "ही जागा गावात अशीच घेतात?"

"होय सर, अशीच."

एवढंच बोलले मी. त्यात चुकीचा उच्चार एकही नव्हता.

पुस्तक छापून आलं ते बाजरीच्या काढणीपर्यंत. पहिल्या पिकाच्या उपासनेला मी मुद्दाम गावी गेले, आपलं छापलेलं काम लोक गाताना ऐकायला. देऊळ कणसांनी सजवलं होतं. पुढे भोपळे, घेवड्याच्या शेंगा, पाय बांधलेल्या दोन कोंबड्या. आत्याने ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. गुरुजींनी मुलांना आधीच पंधरा दिवस चाल शिकवून ठेवली होती. आत्याने ती ऐकायची तसदीही घेतली नव्हती, तिचीच चाल तिला कशाला ऐकायची? गाण्याच्या आधी गुरुजींनी पुस्तकातलं वरचं वाक्य मोठ्याने वाचलं. रचणाराच्या कन्येच्या तोंडून. सगळी मंडळी वळून आत्याकडे बघू लागली. ती ताठ झाली. तिचा चेहरा मला अजून दिसतो, आणि दिसला की मी दुसरीकडे बघते.

ती पुढे उभी राहिली. पहिली ओळ म्हणाली, मागून सगळे. दुसरी ओळ. 'घावामागं'ला ती थांबली, मान तिरकी केली, उजवा हात जरा वर. आणि पेटी थांबली नाही. गुरुजी, मुलं, ढोलकी, सगळे माझी गिरकी घेत पुढे निघून गेले, 'घाव'वर पोचले आणि संपले. त्यानंतर आत्याचा एकटीचा 'घाव' आला. सगळं शांत असताना, एक शब्द. कुणीतरी पोर फिस्सकन हसलं.

दुसऱ्या कडव्याला ती पुन्हा थांबली. यावेळी नंतर काही म्हणाली नाही. तिसऱ्या कडव्याला गुरुजींनीच सुरुवात केली आणि ती हळूच बाजूला झाली. एका कोंबडीच्या पायाची दोरी सैल झाली होती. आत्या खाली बसली आणि गाणं संपेपर्यंत ती दोरी बांधत राहिली.

उपासना संपल्यावर गुरुजी पुस्तक घेऊन माझ्याकडे आले. भला माणूस, खरंच विचारायला आला होता. म्हणाले, "बाई, आत्याबाई तिथे थांबल्या. थांबायचं राहिलंय का लिहायचं?"

देवाने माणसाला सुधारायला याहून सोपी संधी कधी दिली नसेल. नुसतं 'हो' म्हणायचं होतं. पुस्तकात शाईने एक रेघ मारली असती आणि पुढच्या वर्षी आत्या पुढे उभी राहिली असती. पण भोवती गावातल्या बाया कौतुकाने उभ्या होत्या, पुस्तकात आमच्या पोरीचं काम म्हणून. मी म्हणाले, "नाही हो गुरुजी. वय झालंय तिचं. विसरते."

आत्या तेव्हा पन्नाशीचीही नव्हती. आणि ती माझ्या मागेच, दोन हातांवर, भोपळा उचलत होती.

घरी येऊन आत्याने हातपाय धुतले. चूल पेटवली, भाकरी थापली, माझ्या ताटात पहिली भाकरी टाकली. नव्या बाजरीची. मग तव्याकडे बघत म्हणाली,

"लई छान लिवलंस. पर दम कुटं घ्यायचा, त्ये न्हाई लिवलंस."

मी खाली मान घालून भाकरी खाल्ली. 'न्हाई' म्हणू नको, 'नाही' म्हण, असं मात्र त्या दिवशी सांगितलं नाही. तेवढी सुधारणा झाली होती माझ्यात.

यानंतर आत्या त्या गाण्यासाठी पुढे उभी राहिली नाही. शब्द दिला होता ना, भाची लिहील तसं. बाकी सगळी भजनं म्हणायची. हे गाणं सुरू झालं की उठून बाहेर जायची, शेळी सुटली का बघायला. शेळी कधी सुटलेली नसायची. वाईट एवढंच नाही. आल्यागेल्याला ती ते पुस्तक दाखवायची. उलटं धरलेलं असलं तरी पान बरोबर तेच असायचं. "आमच्या पोरीनं लिवलंय ह्ये," असं म्हणायची. टोमणा असता तर बरं झालं असतं. तो टोमणा नव्हता. मी नीट ऐकलंय, पुन्हा पुन्हा, तो टोमणा नव्हता.

ती लगेच वारली असती तर मला म्हणता आलं असतं की सांगायचं राहून गेलं. पण आत्या पुढे पंचवीस वर्षं जगली. मी शिक्षिका झाले, लग्न झालं, मुलं झाली, दर सुट्टीत तिच्या हातची भाकरी खाल्ली. सांगितलं नाही. उलट शाळेत वर्षानुवर्षं मुलींना तीच गिरकी शिकवली, आणि एखादी कच्ची घेऊ लागली तर तिला म्हणायची, मूळ चाल बिघडवू नकोस.

आता गावात बोअर आहेत, नळ आहेत. आमची विहीर गाळाने भरली, वर जाळी टाकली आहे. गेल्या वर्षी पहिल्या पिकाच्या उपासनेला नात मला गाडीतून घेऊन गेली. पेटीच्या जागी आता विजेवर चालणारा कीबोर्ड, आणि तो वाजवायला आमच्या या नातबाईच. गाणं सुरू झालं. मी ठरवलं नव्हतं, पण 'घावामागं'ला माझं तोंड मिटलं. आणि सगळं देऊळ, पोरं, म्हातारे, माझी सख्खी नात, हॉटेलातली ती गिरकी घेत माझ्या अंगावरून निघून गेलं. कुठेही बेसूर नाही. सत्तर वर्षांची मूळ चाल.

परत येताना नात म्हणाली, आजी, तू विसरलीस मधेच, वय झालं तुझं. गोड आवाजात म्हणाली. मी खिडकीतून बाहेर बघत तिला सगळं सांगितलं, जसं इथे लिहिलंय तसं, फक्त रिबिनींशिवाय.

ती लाजली. आजकालची मुलं बरी, जास्त वेळ लाजत नाहीत. घरी आल्या आल्या तिने पुस्तक काढलं, पेन्सिल घेतली आणि म्हणाली, "चल, आता दुरुस्त करू. किती मात्रा थांबायचं?"

मी हात वर धरला. मान तिरकी केली, आत्यासारखी. पहारीचं थांबणं की दोराचं? आत्या दळताना किती थांबली होती, शेतात किती? तीन दिवस मी वही घेऊन तिच्या शेजारी बसले होते. सूर लिहिले, शब्द लिहिले. ते थांबणं मी एकदाही मोजलं नव्हतं.

"पाटी वर येईपर्यंत," मी म्हणाले.

"म्हणजे किती?" तिची पेन्सिल कागदावर टेकलेलीच होती.

मी म्हणाले, डाळ लागतेय, आणि उठून आत गेले. गॅसवर काहीच नव्हतं.